आकड्याखाली मालकी चालत नाही



एरवी मी आपल्याशी बेणे, खते, खोडवा यांविषयी बोलतो. आज मात्र आपला ऊस गव्हाणीत पोचवणाऱ्या क्रेन ऑपरेटरविषयी लिहितो आहे. आपण त्याला नुसते 'क्रेनवाला' म्हणतो आणि गाडी रिकामी व्हायला उशीर झाला की पहिली शिवी त्यालाच देतो.

त्याचे काम काय, ते आधी पाहू. ट्रॉलीत ऊस भरण्यापूर्वी तळाशी तारेचे दोर टाकलेले असतात. ते आकड्यात अडकवून सगळा बोजा एकदम उचलायचा, पुढे न्यायचा आणि दोराचे एक टोक सोडून ऊस खाली घ्यायचा. दिसायला सोपे आहे. पण लोंबता बोजा झोके घेतो. क्रेन एकदम थांबवली तर तो पुढे जातो, एकदम चालवली तर मागे राहतो. आकडा बोज्याच्या नेमका वर नसेल तर उचलताच तो बाजूला फेकला जातो. हे सारे रात्रीच्या दिव्यांत, धुरळ्यातून सांभाळायचे. रोज २५०० टन गाळणाऱ्या कारखान्याला ताशी सुमारे १०४ टन ऊस लागतो. गव्हाण दहा मिनिटे रिकामी राहिली की १७ टनांचा खोळंबा, आणि बोल पुन्हा त्यालाच!

वरून त्याला खालचे सगळे दिसत नाही, म्हणून खाली इशारेवाला लागतो. क्रेनच्या कामाचा नियम असा की, वर-खाली, पुढे-मागे हे इशारे एकानेच द्यायचे; 'थांब' हा इशारा मात्र कोणीही दिला तरी थांबायचेच. यार्डात नेमके उलटे चालते. 'उचल' सांगायला दहा जण, 'थांब' म्हणायला कोणी नाही.

दुसऱ्याला दोष कशाला देऊ? नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या एका कारखान्यावर होतो. ओळखीच्या सभासदाची गाडी रात्रभर अडकून पडली होती. मी पडलो साहेब! इशारेवाल्याला बाजूला सारून मीच हात वर केला. एका बाजूचा दोर आकड्यात नीट बसला नव्हता. बोजा उचलला, तिरका झाला आणि निम्मा ऊस शेजारच्या बैलगाडीपाशी कोसळला. गाडीवान वैरण आणायला गेला होता म्हणून वाचला. ऑपरेटर खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. चौकशीत जबाब त्याने दिला. मला कोणी विचारले नाही आणि मीही गप्प बसलो. ते आजही सलते.

काही सभासद म्हणतात, "अहो, कारखाना आमचा, शेअर आमचे, मग आम्ही बोलायचे नाही?" जरूर बोला. पण ती मालकी वार्षिक सभेत गाजवा, आकड्याखाली नको. तोडलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो, वजन घटते, साखर उतरते. तुमचा जीव तुटतो हे मला कळते. पण गाड्या तुंबतात त्या तोडणीच्या कार्यक्रमामुळे, आणि तो कार्यक्रम माझे खाते आखते. रात्री दोन वाजता का होईना, दार माझे ठोठवा. क्रेनवाल्याला सोडा.

१९४८ च्या कारखाने कायद्याने क्रेन, साखळ्या व दोर यांची बारा महिन्यांतून निदान एकदा तपासणी आणि ठरल्यापेक्षा जास्त बोजा न उचलणे हे दंडक घालून दिले. यंत्राची काळजी कायद्याने घेतली. माणसाची आपण घ्यायची आहे. माझ्या मते येत्या हंगामापासून तीन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक पाळीत, प्रत्येक क्रेनला एकच इशारेवाला असावा, त्याच्या अंगात लाल बंडी असावी आणि हुकूम फक्त त्याचा चालावा. गाडी लागली की ड्रायव्हर, गाडीवान आणि त्यांची बायका-पोरे आखलेल्या रेषेबाहेर जावीत. ट्रॉलीत राहिलेला जेवणाचा डबा नंतर काढता येतो. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: बोज्याखाली माणूस दिसला म्हणून ऑपरेटरने क्रेन थांबवली, तर तो वेळ त्याच्या नावावर लिहू नये. थांबल्याबद्दल ज्याला बोलणी खावी लागतात, तो एक दिवस थांबणार नाही. त्या दिवशी खाली आपल्यापैकीच कोणी असेल.

संचालक मंडळाने विचार करावा, आणि सभासदांनी पाठिंबा द्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी