समुद्रकाठचा हवापालट : सल्ला देण्यापूर्वी

दीर्घ आजारातून उठलेल्या अथवा कामाच्या ताणाने थकलेल्या रुग्णास "चार दिवस समुद्रावर जाऊन या" असे आपण सहज सांगून टाकतो. औषधाची मात्रा, काल, अनुपान लिहिताना असणारी आपली काटेकोर वृत्ती या एका वाक्याच्या वेळी कोठे जाते, हा प्रश्न मला माझ्याच एका रुग्णामुळे पडला. अम्लपित्ताचा जुना रुग्ण, वय पन्नाशीच्या आसपास, कोल्हापुरात व्यापार. तीन महिन्यांच्या चिकित्सेने चांगला उपशय मिळाला होता. दिवाळीच्या सुटीत मी त्यास सहकुटुंब मालवणला धाडले. परतला तो घशाशी जळजळ, शिरःशूल आणि अंगावर शीतपित्ताचे चट्टे घेऊन. दोष मालवणचा नव्हता, माझ्या सल्ल्याचा होता.

त्याची दिनचर्या विचारली. सकाळी दहाच्या उन्हात तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाण्यातील खेळ. भर दुपारी होडीने सिंधुदुर्ग किल्ला व तटावरून फेरी. उतरल्यावर तळलेली सुरमई, तिसऱ्यांचे सुके, वर आइस्क्रीम. मग अस्तमानापर्यंत झोप. रात्री बारापर्यंत वाळूत गप्पा. चरकाने शरद ऋतूत वर्ज्य सांगितलेल्या गोष्टी आठवून पाहाव्यात : आतप, तैल, क्षार, औदक व आनूप मांस, दही, दिवास्वाप, दव आणि पूर्वेचा वारा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर रात्री उशिरा व पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडूनच वाहतो. वर्ज्य यादीतील एक दही सोडले तर गृहस्थाने बहुधा काहीच चुकवले नव्हते. मत्स्य व दुग्ध यांचा विरोध तर निराळाच. (सोलकढीस मात्र या विरुद्धाहारात उगाच ओढू नये. नारळाचे दूध म्हणजे गोदुग्ध नव्हे.)

आपल्याकडे समुद्रकाठी गर्दी होते ती दिवाळीत आणि मे महिन्यात, कारण मुलांच्या शाळांना सुट्या तेव्हाच असतात. दिवाळी ही आश्विन-कार्तिकाची, शरदातील. मे महिना ग्रीष्माचा. ग्रीष्मातही लवण, अम्ल, कटू रस आणि व्यायाम वर्ज्य सांगितले आहेत, व समुद्रकाठच्या सहलीत नेमके तेच घडते. उलट मार्गशीर्ष-पौषात, हेमंतात, अग्नी प्रबल असतो; स्निग्ध, अम्ल, लवण रस आणि औदक-आनूप मांसही विहित आहे; बलवान माणसास अर्धशक्ती व्यायामाची मुभा आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर समुद्रातील पोहण्याच्या स्पर्धा डिसेंबरात भरतात. आयोजकांनी ऋतुचर्या पाहून तो महिना निवडला असेल असे मी म्हणत नाही. पण निवड शास्त्राला धरून झाली आहे.

कोणी म्हणेल, किनाऱ्यावरचा माणूस शरदातही मासे खातो, त्यास काही होत नाही. त्यास ते ओकसात्म्य आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा भात, कोकम व ताजा मासा त्याच्या अग्नीला परिचित आहे. घाटावरून एका रात्रीत उतरलेल्या, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसास तो न्याय लावता येत नाही.

पाण्याखाली उतरण्याचा खेळ, ज्याला स्कूबा म्हणतात, आता तारकर्ली परिसरात फार लोकप्रिय झाला आहे. येथे आपला प्रश्न अधिक गंभीर होतो. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि पडसे असलेल्या माणसाच्या कानास तो समतोल साधत नाही. पडदा फाटू शकतो. वाग्भटाने कर्णरोग, पीनस, अतिसार, आध्मान, अजीर्ण असलेल्यास आणि नुकतेच जेवलेल्यास स्नानच निषिद्ध केले आहे. तेथील प्रशिक्षक सर्दी व कानाविषयी विचारतात, आणि आपण, ज्यांच्या ग्रंथात हे लिहिलेले आहे, विचारत नाही, हे मला लाजिरवाणे वाटते.

रुग्णास दिवाळीचीच सुटी असेल तर? मी आता जाऊ देतो, पण लिहून देतो. दव उतरल्यावर, कोवळ्या उन्हात तासभर चालणे. भुसभुशीत वाळूत नव्हे, ओल्या घट्ट वाळूवर, कारण वातकंटकाचा रुग्ण विषम पाऊल पडताच पुन्हा खोटेने लंगडतो. त्याच वेळी किनाऱ्यावर रापण ओढली जाताना पाहावी. त्यासारखे मन रमवणारे दृश्य कोणत्याही खेळात नाही. किल्ल्यावर जायचे ते सकाळच्या पहिल्या होडीने. चोहोकडे खारे पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडे पाणी कसे, हे मुलांना तेथेच समजावून सांगावे. मासा दिवसातून एकदा, आमटीतला, तळलेला नव्हे. प्रदोषकाळी चांदण्यात बसणे शरदात विहितच आहे. परंतु दिवाळी अमावास्येची, तेव्हा चांदणे हवे असेल त्याने कोजागरीस जावे अथवा कार्तिकी पौर्णिमेची वाट पाहावी.

त्या गृहस्थास मी पुढे पौषात पुन्हा पाठवले, असाच कागद देऊन. मासे त्याने रोज खाल्ले, पाण्यातही उतरला. जळजळ झाली नाही. एका रुग्णावरून सिद्धान्त बांधण्याची घाई मी करणार नाही. कोकणातील सभासद वैद्यांच्या दवाखान्यात दिवाळीच्या व मे महिन्याच्या आठवड्यांत कोणते पर्यटक, कोणत्या तक्रारी घेऊन येतात, याच्या नोंदी त्यांनी पुढील अंकासाठी पाठवाव्यात, ही विनंती.