मालकाचा संघ आणि तालमीचा संघ

फुटबॉलचा एखादा संघ बुडाला की आपल्याकडे एक ठरलेले निदान ऐकू येते : 'लोकांना क्रिकेटच हवे, त्याला कोण काय करणार?' दोष प्रेक्षकांच्या माथी मारला की मालकाला जाब विचारावा लागत नाही. हे निदान आम्हांला मान्य नाही.

मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये मावळला. २०१४ मध्ये आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या संघाला मिळाली. पुणेकरांना कोणी विचारले नाही. विचारावे अशी सोयच नव्हती.

हे दैव केवळ आपलेच नव्हे. स्कॉटलंडच्या सीमेवरील ग्रेटना हे जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव. ब्रूक्स माइलसन या धनिकाच्या पैशावर तेथील संघ लागोपाठ तीन श्रेणी चढला, २००६ मध्ये स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च श्रेणीत गेला. माइलसन आजारी पडले, पैसा थांबला आणि २००८ मध्ये संघ विसर्जित झाला. त्याच वर्षी पाठीराख्यांनी नवा संघ उभारला. जे आधी व्हायला हवे होते ते अंत्यविधीनंतर झाले.

आता कोल्हापूरकडे पाहावे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा : हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. तेथे फुटबॉलला राजाश्रय लाभला, हा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. पण आश्रय खेळाला मिळाला, संघ तालमींचेच राहिले. पाठीराख्यांच्या हाणामाऱ्याही तेथे होतात आणि त्यांचे समर्थन आम्ही करणार नाही. तरीही एखादा देणगीदार फिरकला नाही म्हणून पेठ आपला संघ दुसऱ्या शहराला देऊन टाकत नाही.

राजूरसारख्या गावात बसून आम्ही हे लिहितो, कारण गणेशमंडळ कसे चालते हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. वर्गणी, पावतीपुस्तक, वर्षाअखेरचा हिशेब. मोठा देणगीदार आला तर आनंदच. गेला तर मांडव लहान होतो, गणपती बसायचा थांबत नाही. जर्मनीत काही अपवाद वगळता फुटबॉल क्लबातील बहुमत सभासदांकडेच असावे असा नियम आहे. म्हणजे ही भाबडी ग्रामीण कल्पना नव्हे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जो संघ शहराचे नाव लावतो, त्याच्या कारभारात त्या शहरातील सभासदांना मत असावे. ते द्यायचे नसेल तर मालकाने संघाला खुशाल स्वतःचे नाव द्यावे.