महापूर आणि महामार्ग

ता. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळूणची बाजारपेठ पाण्याखालीं गेली. त्याच पुरांत वाशिष्ठीच्या पुलावरील रस्ता खचून मुंबई-गोवा महामार्गही बंद पडला. ता. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर १६ वर्षांनीं मिळालेला हा दुसरा धडा होता. सह्याद्रीचा पाऊस, कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारें पाणी व दाभोळ खाडीची भरती यांची गांठ या शहरापाशीं पडते. त्यांत नदीचें पात्र गाळानें उथळ झालेलें. अशा ठिकाणीं भराव टाकून उंच केलेला रस्ता म्हणजे दरवाजे नसलेलें धरणच होय! तोच खांबांवरून नेला व मोऱ्या ऐसपैस ठेविल्या, तर पुराला वाट मिळते आणि संकटकाळीं मदतीची वाटही खुली राहते.

परंतु एक खातें गाड्या मोजतें, दुसरें पाणी मोजतें. नदीला मात्र खात्यांच्या हद्दी ठाऊक नाहींत. नागरिकांनीं साखळी उपोषण केल्यावर २०२२ सालीं गाळ निघूं लागला. पण काढलेला गाळ पुन्हा सांचतो, आणि घातलेला भराव कायमचा राहतो. म्हणून आमची मागणी इतकीच कीं, दोन्ही खात्यांनीं मिळून एकच नकाशा करावा, २०२१ ची पूररेषा व प्रत्येक मोरीची रुंदी त्यावर दाखवावी, आणि तो नगरपरिषदेंत सर्वांस वाचतां येईल असा मराठींत लावावा.

व्यापारी बंधूंसही दोन शब्द. नाला बुजवून दुकान वाढवावयाचें आणि पूर आल्यावर सरकारास दोष द्यावयाचा, हें न्यायाचें नव्हे. पाण्याची वाट आपण मोकळी केली, तरच ती सरकारनें अडवूं नये असें म्हणण्याचा अधिकार आपणांस पोंचतो.