न दिसणाऱ्या दुखण्याची दखल घ्या!

गेली सहा वर्षे आमच्या तळपायांची आग होते आहे. या जागी असे वाक्य वाचून काही वाचक दचकतील. या स्तंभात आम्ही अत्याचाराच्या खटल्यांवर लिहितो, अडकलेल्या शिष्यवृत्त्यांवर लिहितो, राखीव जागांच्या अनुशेषावर लिहितो. मग आज वकिलाच्या पायांचे रडगाणे कशाला, असा प्रश्न कोणीही विचारू शकतो. प्रश्न रास्त आहे. पण हे दुखणे आमच्या एकट्याचे असते तर आम्ही ते घरातच ठेवले असते. गेल्या काही वर्षांत आमच्या कार्यालयात येणाऱ्या पक्षकारांत, विहारात भेटणाऱ्या उपासक-उपासिकांत, मोर्चात सोबत चालणाऱ्या कार्यकर्त्यांत हेच दुखणे घेऊन जगणारी इतकी माणसे भेटली, की याविषयी गप्प बसणे आम्हाला अपराध वाटू लागला आहे.

हे दुखणे नसांचे आहे. डॉक्टर त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या येतात, मग सुया टोचल्यासारखे होते, रात्री तळपायांची लाही लाही होते. अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. मध्येच विजेचा झटका बसावा तशी कळ पोटरीपर्यंत जाते. आणि सकाळी उठून पाय पाहावा तर सूज नाही, जखम नाही, लाली नाही. पाय अगदी ठणठणीत दिसतो. खरी फसगत इथेच होते. हात मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर थर्मामीटर बोलतो. नसेच्या दुखण्याला मात्र साक्षीदार नसतो.

न्यायालयात दिवसभर उभे राहणे हा आमचा पेशा. बूट घालून दुपारपर्यंत कसेबसे निभायचे, मग बाररूममध्ये कोपऱ्यात बसून बूट सैल करायचे. सहकारी म्हणायचे, ‘वकीलसाहेब, वजन कमी करा.’ घरी वडीलधारी म्हणायची, ‘वात आहे, तेल चोळ.’ एका ओळखीच्या गृहस्थाने तर बाहेरची बाधा असेल म्हणून एका बाबाचा पत्ताही दिला. आणि ज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्याने तो दिला! आम्हीही दोन वर्षे मेडिकलच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाल्ल्या. त्यांनी नस शांत झाली नाही, पित्त मात्र वाढले. शेवटी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळले, की मधुमेह आमच्या अंगात आम्हाला पत्ता लागण्याच्या कितीतरी आधीपासून मुक्कामाला होता.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे दहा कोटी माणसांना मधुमेह आहे. त्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांच्या नसांना आयुष्यात केव्हा ना केव्हा इजा होते, असे वैद्यकशास्त्र सांगते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की शरीरातील सर्वांत लांब नसा, म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा, आधी खराब होतात. काही नसा खोटे निरोप पाठवतात, ती आग. काही नसा निरोप पाठवायचेच थांबवतात, तो बधिरपणा. एकाच पायात दोन्ही गोष्टी नांदू शकतात. मधुमेह हे एकच कारण नव्हे. दारूने नसा जळतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्याने त्या सुकतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांतही हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड या औषधानेही नसांना इजा होऊ शकते, म्हणून त्याच्याबरोबर बी-६ ची गोळी देतात. आणि अंगावर बधिर चट्टा असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो, ज्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. कारण शोधल्याशिवाय उपचार नाही.

आता आगीपेक्षा बधिरपणा अधिक घातक कसा, ते ऐका. विदर्भातल्या एका नगरपालिकेचा सफाई कामगार आमच्याकडे आला तो एका पायाचा अर्धा पंजा गमावून. वीस वर्षे गटारे साफ केलेला माणूस. गमबुटातून खिळा आत शिरला आणि त्याला पत्ताच नाही. तो म्हणाला, ‘साहेब, खिळा रुतला ते मले समजलंच नाही. बूट काढला तं रक्त दिसलं.’ त्याआधी वर्षभर तो मुकादमाला सांगत होता, की पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात, नाल्याच्या कडेवर तोल जातो. मुकादम म्हणाला, ‘काम टाळायचे बहाणे.’ जखम चिघळली, पंजा कापावा लागला. मग त्याच कार्यालयाने त्याला कामास अपात्र ठरवून घरी बसण्याची नोटीस दिली. दुखणे दिसत नव्हते तेव्हा तो खोटारडा होता, आणि दिसू लागले तेव्हा निरुपयोगी झाला!

इथे कायदा काय म्हणतो, ते प्रत्येक कामगाराने पाठ करावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम दिले पाहिजे. तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवले पाहिजे. स्थानिक स्वराज्य संस्थांनाही हे बंधनकारक आहे. आम्ही एवढेच कलम दाखवले आणि नोटीस मागे घेतली गेली. आज तो माणूस त्याच पगारावर भांडारात बसून काम करतो. पण त्याच्याच वस्तीतला, तसेच पाय असलेला दुसरा कामगार ठेकेदाराकडे होता. त्याला नोटीसही आली नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर नावच नव्हते. ठेकेदारी पद्धत कशासाठी आणली गेली, हे समजायला यापेक्षा मोठा ग्रंथ वाचण्याची गरज नाही.

कायद्यातली एक फटही सांगितली पाहिजे. या अधिनियमाच्या परिशिष्टात कुष्ठरोगातून बरे झालेल्या व्यक्तीच्या हातापायांतील संवेदना गेल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मधुमेहाने संवेदना गेली तर तसा स्वतंत्र उल्लेख नाही. बधिर पाय दोन्हीकडे सारखाच, पण एकाला नाव आहे, दुसऱ्याला नाही. शासनाने ही उणीव दूर करावी, अशी आमची जाहीर मागणी आहे. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट केले, की चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिकाची सोय नाकारता येणार नाही. तो उमेदवार हाताच्या अशाच एका न दिसणाऱ्या, मज्जासंस्थेशी निगडित विकाराने त्रस्त होता. म्हणजे बसायला खुर्ची, मऊ तळाचे बूट, रात्रपाळीतून सूट अशा वाजवी सोयी मागताना या निकालाचा आधार घेता येतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, सोबत डॉक्टरांचा कागद जोडा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

आता बाबासाहेबांकडे वळू. त्यांना मधुमेह होता, रक्तदाब होता आणि न्यूरायटिस, म्हणजे नसांच्या दाहाचाही त्रास होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? संविधानाचा मसुदा तयार होत होता त्याच काळात पायांच्या वेदनांनी त्यांची झोप उडवली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षा समारंभात त्यांच्या हातात काठी होती आणि चालताना सहकाऱ्याच्या खांद्याचा आधार होता. आपण तो प्रसंग अभिमानाने सांगतो; ती काठी सांगायला विसरतो. इतक्या वेदनेत बाबासाहेबांनी एवढे केले, मग तुम्ही कुरकुरता कशाला, असा सोयीचा अर्थ मात्र कोणी काढू नये. बाबासाहेब मांत्रिकाकडे गेले नाहीत. दिल्लीहून मुंबईला येऊन त्यांनी डॉक्टर मालवणकरांचे उपचार घेतले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना आजारात साथ दिलेल्या डॉक्टरांचे ऋण त्यांनी प्रस्तावनेत नोंदवले. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी त्यांच्या वेदनेचा नुसता गौरव करू नये, त्यांचा विवेकही घ्यावा.

तो विवेक काय सांगतो? पहिली गोष्ट, साखर आटोक्यात ठेवणे. दर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घेणे. दुसरी, वेदनेसाठी योग्य औषध. प्रेगाबॅलिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन ही नसेच्या वेदनेवरची औषधे आहेत आणि जेनेरिक स्वरूपात ती स्वस्त मिळतात. यांतली काही औषधे नैराश्यावरही देतात. आमच्या सौभाग्यवतींना औषधवाल्याने तसे सांगितले, तेव्हा त्या दोन दिवस काळजीत होत्या. त्यात लाजण्यासारखे काही नाही. वेदनेचा निरोप वाहणाऱ्या यंत्रणेवर ती काम करतात. ही औषधे नस बरी करत नाहीत, आग सुसह्य करतात. डोस हळूहळू वाढवावा लागतो, सुरुवातीला गुंगी येते, आणि मनाने एकदम बंद करायची नसतात. हे सारे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तिसरी गोष्ट पायांची निगा. रोज रात्री तळपाय आरशात पाहणे. अनवाणी न चालणे. बूट घालण्याआधी उलटा करून झटकणे. पाण्याचा गरमपणा पायाने नव्हे, कोपराने तपासणे. तापल्या विटेचा शेक तर कटाक्षाने टाळणे, कारण बधिर पाय भाजला तरी सांगत नाही. कुरूप ब्लेडने घरी कापू नये. तंबाखू-विडी सोडावी. आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेलीच आहे. ती नसांसाठीही पाळावी.

काहीजण विचारतात, विपश्यनेने हे जाते का? ध्यानाने मन स्थिर होते, झोपेला मदत होते, वेदनेची धास्ती कमी होते, हा आमचाही अनुभव आहे. पण इन्सुलिन बंद करून शिबिराला बसणे हा धम्म नव्हे, आत्मघात आहे. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत येतो. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. त्यावर शोक करून माणूस स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. आमची नम्र भर एवढीच, की कष्टकऱ्याच्या बाबतीत हा दुसरा बाण पुष्कळदा बाहेरून येतो. ‘बहाणे करतो’ म्हणणारा मुकादम, ‘नाटके’ म्हणणारे घरचे, ‘मोर्चाला आला नाही, विकला गेला’ म्हणणारा कार्यकर्ता, हे सगळे तो बाण मारतात. पहिला बाण काढायला डॉक्टर लागतो. दुसरा न मारणे आपल्या हाती आहे.

म्हणून चळवळीकडे आमचे मागणे आहे. १४ एप्रिलला डीजेवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून प्रत्येक विहारात पायांच्या तपासणीचे शिबिर घ्या. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही; दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू, एक ट्यूनिंग फोर्क, साखर तपासण्याचे छोटे यंत्र आणि आपल्यातला एखादा डॉक्टर पुरेसा आहे. विहाराच्या दाराशी, जिथे आपण पादत्राणे काढतो, तिथून आतपर्यंत चटई अंथरा. उन्हाने तापलेल्या फरशीवर बधिर पायांना फोड येतात. वंदनेला चार खुर्च्या ठेवा, आणि त्यांवर बसणाऱ्याला कारण विचारू नका. शासनाकडे मागणे असे, की महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णांच्या उपचारांसाठी आहे. पाय वाचवणारी रोजची गोळीही प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आणि अखंड मिळाली पाहिजे. सफाई कामगारांच्या आरोग्य तपासणीत, ते ठेकेदाराकडे असोत वा कायम, पायांची तपासणी सक्तीची झाली पाहिजे.

आमच्या समाजाला शतकानुशतके आपल्या वेदनेचा पुरावा मागण्यात आला. गावात विहीर वेगळी होती तरी विचारले गेले, ‘आता कुठे जात राहिली आहे?’ पुरावा मागण्याचा हा अपमान ज्यांनी भोगला, त्यांनी तरी आपल्या घरातल्या, वस्तीतल्या, संघटनेतल्या माणसाच्या वेदनेला पुरावा मागू नये. दुःख आहे हे आधी मान्य करणे आणि मग ते दूर करण्याच्या कामाला लागणे, हाच बाबासाहेबांनी सांगितलेल्या धम्माचा पाया आहे. आज घरी गेल्यावर आई-वडिलांना एवढेच विचारा, ‘पायांना मुंग्या येतात का?’ आणि त्यांचे तळपाय उजेडात धरून पाहा.

जय भीम!