सील स्वस्त, दुबार मजुरी महाग

व्हिडिओत क्रँकचं मागचं ऑइल सील बसवताना पाहिलंत. इथं हिशोबाचं बोलू.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईतली पद्मिनी टॅक्सी बंद झाली, पण जुन्या गाड्या हौसेनं जपणारे अजून आहेत. सास्तूरला माझ्याकडेही अशीच एक जुनी गाडी आली. क्लच हाऊसिंगमधून ऑइल गळत होतं. गिअरबॉक्स उतरवला, क्लच-फ्लायव्हील काढलं, नवं सील ठोकलं, गाडी दिली. पंधरा दिवसांत पुन्हा थेंब! परत सगळं खोललं, तेही फुकट. जुन्या सीलनं क्रँकवर खाच पाडली होती आणि नव्या सीलची लिप त्याच खाचेत बसली होती. वर ब्रीदर चोंदलेला, मग आतला दाब ऑइल बाहेर ढकलणारच.

माझं मत स्पष्ट आहे. गिऱ्हाईक सील बदलण्याचे पैसे देत नाही, गळती थांबवण्याचे देतं. म्हणून खोलण्याआधी ब्रीदर बघा, ऑइल इंजिनचं की गिअरबॉक्सचं ते ओळखा. क्रँकवर नख फिरवा. अडकलं तर सील जरा मागं-पुढं बसवा, नाहीतर स्लीव्ह घाला. लिप इंजिनकडे, तिला ऑइल लावा, सील तिरकं ठोकू नका.

आणि तपासणीचे पैसे बिलात वेगळे लिहा. "शेजारचा कमी घेतो" म्हणेल कुणी. म्हणू द्या. दुसऱ्यांदा खोलायची मजुरी तुमच्याच खिशातून जाते.

तुमच्या धंद्यात असं दुबार काम कोणतं? कमेंटमध्ये सांगा.