वाटाण्यावरची राजकन्या आणि आपली मुले

दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. तेव्हापासून आजतागायत धम्मात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबापुढे एक प्रश्न उभा राहत आला आहे. घरातील देव्हारा हलविला. परंतु प्राथमिक शाळेत मुलांच्या कानी ज्या कथा पडतात, त्यांचे काय करावयाचे? परी, राक्षस व जादू यांच्या कथा बुद्धिवादी धम्माशी विसंगत आहेत, सबब त्या वर्गातून हद्दपार कराव्यात, असे काही बंधू आग्रहाने म्हणतात. आम्हांस हे मत मान्य नाही.

बोलणाऱ्या बेडकाची कथा ऐकून कोणतेही मूल विहिरीवर बेडकाशी गप्पा मारावयास जात नाही. कथा ही कथाच आहे, हे ते जाणते. खरा धोका चमत्काराचा नव्हे. चमत्काराच्या आडून जे मूल्य मनात शिरते, त्याचा आहे.

डेन्मार्कमधील जगप्रसिद्ध कथालेखक हान्स ख्रिश्चन अँडरसन याचेच उदाहरण घ्या. त्याचा पिता जोडे शिवणारा गरीब कारागीर होता. माता लोकांचे कपडे धूत असे. १८३५ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या एका कथेत वीस गाद्या व त्यांवर पिसांच्या वीस दुलया अंथरलेल्या असतात. त्यांच्या तळाशी ठेवलेला एक वाटाणा जिला टोचतो, तीच खरी राजकन्या ठरते. लेखकाने ही थट्टा केली असेलही. परंतु वर्गात ती कथा प्रश्नाविना सांगितली, तर थोरपण जन्माने येते व ते कातडीलाही कळते, एवढेच मुलाच्या मनावर ठसेल. जातिभेदाची शिकवण याहून निराळी ती काय?

याच लेखकाने १८३७ साली दुसरी कथा लिहिली. राजा उघडाच मिरवत असतो आणि आपण मूर्ख ठरू या भयाने मंत्र्यापासून प्रजेपर्यंत सारे त्याच्या नसलेल्या वस्त्रांची वाहवा करतात. राजाच्या अंगावर काहीच नाही, हे सत्य एक लहान मूल बोलून दाखविते. बंधुभगिनींनो, असेच मूल आपणांस घडवावयाचे आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. एकलव्याची कथा गुरुभक्तीचा धडा म्हणून वर्गात सांगण्याची प्रथा जुनी आहे. आंगठा कोणाचा गेला? मागितला कोणी? लाभ कोणाचा झाला? हे तीन प्रश्न विचारताच त्याच कथेतून न्यायाचा धडा निघतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ या ग्रंथात धोंडीबाच्या मुखी प्रश्न घालून अवतारकथांची अशीच उलटतपासणी केली.

हीच कसोटी आपल्या घरच्या कथांनाही लागू केली पाहिजे. पाली जातकसंग्रहातील ५४७ कथांत करुणेचे भांडार आहे. तथापि वेस्संतर जातकात राजपुत्र आपली दोन मुले एका ब्राह्मणास दान देतो. ती मुले काय म्हणाली असतील, हे आपल्या मुलाने अवश्य विचारावे. केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही मानू नका, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश जातकांना वगळून केलेला नाही.

कथा साहित्य म्हणून सांगणे निराळे आणि धर्मशिक्षण म्हणून लादणे निराळे. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. शासनमान्य वा अनुदानित संस्थेतही अज्ञान मुलाच्या पालकाच्या संमतीवाचून त्याची सक्ती करता येत नाही. अशी सक्ती होत असेल, तर पालकांनी मुख्याध्यापकांस लेखी हरकत द्यावी. तो आपला हक्क आहे.

परंतु कथेवर बंदी मागू नये. बंदीने मूल मुके होते, प्रश्नाने ते जागे होते. रोज सायंकाळी मुलास जवळ घेऊन आज कोणती कथा ऐकली, असे विचारा. तीत कष्ट कोणी केले, मान कोणास मिळाला आणि हे न्यायाचे झाले काय, याचे उत्तर त्यासच शोधू द्या. देव्हारा एका दिवसात हलविता येतो. स्वतंत्र बुद्धी मात्र रोज घडवावी लागते.