शक्ती मागावी ती कशासाठी?

आपल्या कुटुंबांतून हल्ली एक शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला जातो : 'शक्तिशाली प्रार्थना'. अमुक नोव्हेना नऊ दिवस करा, नोकरी लागेल. तमुक भक्ती करा, कर्ज फिटेल. बालाघाटाच्या डोंगरात वसलेल्या येडशीसारख्या अवर्षणग्रस्त गावी असे बोलणे नुसते भाबडे नाही, ते निर्दय आहे. पाऊस आला नाही की दोष प्रार्थना करणाऱ्याच्या श्रद्धेला लागतो. "फादर, आमच्याच प्रार्थनेत जोर नाही का?" असे एका माउलीने आम्हांला विचारले. तो प्रश्न तिचा नव्हताच. कुणा प्रवचनकाराने तो तिच्या मनात पेरला होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच जिल्ह्यात आणि शेजारच्या लातुरात भूकंपाने हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. किल्लारी-सास्तूरच्या मृतांची भक्ती कमी पडली, असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण दगावले, तेव्हा प्रभूने हाच हिशेब खोडून काढला होता. संत पौलाने शरीरातील काट्यासाठी तीनदा विनवणी केली; काटा राहिला, कृपा मिळाली. गेथशेमानेत प्रभूपुढचा प्याला टळला नाही. संत लूक सांगतो, त्याला बळ देण्यास देवदूत आला. त्या बळाने तो उठला आणि धरायला आलेल्यांना सामोरा गेला.

यावर आपल्यातील शिकलेली मंडळी म्हणतील, मग प्रार्थना म्हणजे मनोबलच की! तेही आम्हांस मान्य नाही. माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने नीट वागू शकतो, असे पाचव्या शतकात पेलाजियस शिकवीत होता. संत अगस्तीनने त्याचा प्रतिवाद केला आणि ५२९ साली ओरांजच्या धर्मपरिषदेने सांगितले की, श्रद्धेची सुरुवातसुद्धा देवाच्या कृपेने होते. एप्रिल २०१६ मध्ये पाण्याची रेल्वेगाडी मिरजेहून बार्शी-येडशीच्या मार्गाने लातूरला गेली. पाणी लातूरच्या जमिनीतले नव्हते, दुरून आले होते. घागर घेऊन रांगेत मात्र ज्याचे त्यालाच उभे राहावे लागले. (उपमा लंगडी आहे, कृपेला डब्यांची मोजणी नसते.)

आता ही शक्ती खर्ची कुठे पडावी? दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून हजारो जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात. त्या उचलीतला पैसा दारूत न घालण्यासाठी ती हवी. मुकादम आपल्यापैकी असेल, तर त्याला कोयत्याचा हिशेब खरा लिहिण्यासाठी हवी. आणि सर्वांत अवघड जागा म्हणजे शाळेच्या अर्जातील धर्माचा रकाना. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. आपण अजून बाहेरच आहोत. बाप्तिस्मा घेतलेल्या मुलाचा बाप त्या रकान्यापाशी लेखणी थांबवतो. 'ख्रिस्ती' लिहिले तर शिष्यवृत्ती जाते, न लिहिले तर वेदीपुढे उच्चारलेला शब्द जातो. भरल्या पोटी त्याचा न्याय करणाऱ्यांत आम्हांला बसायचे नाही. पण आजवर आपण त्याच्यासाठी मागितले काय? मुलाला प्रवेश मिळो, एवढेच. तो जे लिहील त्याची किंमत सोसण्याचे सामर्थ्य त्याला मिळो, आणि त्यातला वाटा उचलण्याची बुद्धी आम्हां सर्वांना होवो, असे कुणी मागितल्याचे आमच्या तरी कानी नाही.

देवाची शक्ती माणसांच्या हातांतूनही येते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. नोव्हेनाच्या मेणबत्त्यांना ज्या धर्मग्रामात पैसा निघतो, तेथे त्या मुलाची फी निघू नये, हे आम्हांला पटत नाही. येत्या रविवारी मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमध्ये त्या बापासाठी एक विनंती घालावी, आणि मिस्सा संपल्यावर दाराशी त्या मुलाच्या फीसाठी एक पेटीही ठेवावी.